अण्णांना न चालणारी गावं

आमच्या घरी सुट्टीला कुठे जायचं हे ठरवण्याची एक पद्धत होती. आधी खाणं ठरायचं, मग गाव. आणि खाणं असं निवडायचं, की माझ्या वडिलांनी स्वतःहून म्हणावं, "तुम्ही जाऊन या."

"तुम्ही येऊ नका" असं त्यांना कुणी कधी म्हटलं नाही. उलट मी दर वर्षी आग्रह करायचो. रात्रीच्या जेवणाला, बायको आणि मुलीसमोर. "अण्णा, यंदा मालवण ठरतंय. चला ना. मासे फार छान मिळतात तिथे." अण्णा भातावर वरण घेत असायचे. ते वाटी खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "जाऊन या. पोरीला समुद्र दाखवा." विषय संपायचा. मग बायको त्यांना आग्रहाने आणखी एक पोळी वाढायची.

अण्णा नाशिकला गंगेवरचे, म्हणजे गोदावरीवरचे, उपाध्ये. रामकुंडावर लांबलांबून लोक येतात, अस्थी घेऊन, पिंडदानासाठी. त्यांचे विधी करून देणं हे आमच्या घरातलं पिढ्यान् पिढ्यांचं काम. मी ते केलं नाही. मी बी.कॉम. झालो, नाशिक रोडला नोकरीला लागलो आणि म्हसरूळला फ्लॅट घेतला. अण्णांनी त्याबद्दल मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही.

श्राद्धाला पितरांच्या जागी ब्राह्मण जेवायला बसवतात. तरुणपणी अण्णा अशा पंगतींना नेहमी बसायचे. पितृपक्षात तर सकाळी एका घरी, दुपारी दुसऱ्या. तेव्हाच्या गोष्टी ते हसत सांगायचे. "मी कितीतरी लोकांचा मेलेला बाप होऊन जेवलोय रे. कुणाचा आजोबा, कुणाचा पणजोबा. लोक डोळे पुसत वाढायचे आणि मी जिलबी मागून घ्यायचो." पण आई गेली, तिचं वर्षश्राद्ध झालं, आणि तिच्या श्राद्धाला पितरांच्या जागी बसलेले दोन अनोळखी ब्राह्मण आमच्या हॉलमध्ये जेवताना त्यांनी पाहिले. त्यानंतर त्यांनी घाटावर जाणं बंद केलं आणि नेम धरला, परान्न घ्यायचं नाही. दुसऱ्याच्या घरचं, दुसऱ्याच्या हातचं शिजलेलं काही नाही. आपल्या घरात जे शिजेल तेवढंच. मला म्हणाले, "खाल्लेलं कसं फेडायचं ते मला माहीत नाही. निदान त्यात भर तरी नको."

त्या वर्षी आम्ही त्यांना गणपतीपुळ्याला नेलं होतं. आई नाही, घरात करमत नाही, जरा बदल होईल, असं सगळं चांगलं मनात होतं. बरोबर छोटा गॅस, कुकर, पोळपाट-लाटणं, पिठाचा डबा. लॉजच्या खोलीत पहिल्याच सकाळी कुकरची शिट्टी झाली आणि मॅनेजर दारात येऊन उभा राहिला. अण्णांनी त्याला हात जोडले. त्याने ऐकलं नाही. मग स्वयंपाकघर असलेली जागा शोधण्यात दिवस गेला. ती मिळाली तेव्हा मुलगी रडून झोपली होती आणि बायको परक्या ओट्यावर पोळ्या लाटत होती. तिची पाठ माझ्याकडे होती. "घरी लाटते," ती म्हणाली, "आणि इथे समुद्रावर येऊनही लाटतेय." ती चुकीचं बोलत नव्हती. तिच्यासाठी सुट्टी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी वाढलेलं ताट. एवढंच तिला हवं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात ती वाळत टाकलेले कपडे काढता काढता हसून म्हणाली, "या वेळी असं ठिकाण बघा की अण्णाच नको म्हणतील." तिने ते गंमत म्हणून म्हटलं. मी मात्र त्याच क्षणी गावं आठवायला लागलो.

माझा साडू निफाडचा. द्राक्षाची बाग आहे, स्वभाव मोकळा, खाण्याचा शौकीन. तो रोज फोनवर कुठल्या कुठल्या खानावळींचे व्हिडिओ पाठवायचा. "भाऊ, मालवणला चला एकदा. सुरमई अशी मिळते ना, लय भारी." ते व्हिडिओ मी कधी उघडत नसे. त्या दिवशी उघडला, आणि अण्णांच्या शेजारी बसून आवाज मोठा करून पाहिला.

अण्णांनी विचारलं, "तू खातोस हे?"

"हो," मी म्हणालो. "ऑफिसात सगळेच खातात आता."

कॉलेजात असताना एकदा आम्लेट खाल्लं होतं, त्यापलीकडे माझी मजल गेली नव्हती.  अण्णा म्हणाले, "काटे बघून खा."

मालवणात माझ्यासमोर सुरमई आली तेव्हा मला तिचा वास सहन होईना. पण घरी सांगून आलो होतो, म्हणून खाल्ली. श्वास धरून, पाण्याच्या घोटाबरोबर. बायको सोलकढी आणि भातावर होती. मुलगी पापड मोडत फोनमध्ये बघत होती. एकटा साडू मन लावून जेवत होता. आम्ही तिघं उपाध्यांच्या घरची शाकाहारी माणसं माशांच्या खानावळीत का बसलो होतो, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तिथून मी अण्णांना फोन केला. "काय जेवण आहे अण्णा! तुम्ही असायला हवं होतं."

मग ते चालूच राहिलं. कारवार, तिथेही मासे. हैदराबाद, बिर्याणीसाठी. नागपूर, सावजी रश्श्यासाठी, ज्याने माझं पोट परत आल्यावरही बरेच दिवस बिघडलेलं होतं. मध्ये मध्ये आम्ही किल्ले पाहिले, जुनी देवळं पाहिली, हातमागावर साड्या विणताना पाहिल्या. बायको फोटो टाकायची आणि खाली लिहायची की कुटुंबाबरोबर घालवलेला वेळ हीच खरी श्रीमंती. परत आल्यावर अण्णा चष्मा कपाळावर सरकवून ते फोटो बघायचे. "हे खांब बघ, एकाच दगडातले दिसतात." मी देवळांचे फोटो भराभर सरकवायचो आणि ताटांच्या फोटोंवर थांबायचो. रश्श्यावरचा तवंग, प्लेटीतली हाडं. पुढच्या वर्षीपर्यंत ते त्यांच्या लक्षात राहावं म्हणून. हे मी ठरवून करत होतो.

आम्ही नसताना अण्णा एकटे असायचे. शेजारच्या काकू एकदा मला जिन्यात म्हणाल्या, "दिवाळीत फराळाचं ताट घेऊन गेले, तर हात जोडून परत दिलं हो त्यांनी. मी म्हटलं, मुलाबरोबर का नाही गेलात? तर म्हणाले, माझ्यामुळे त्यांच्या खाण्यापिण्याची पंचाईत होते." काकू माझ्याकडे बघत थांबल्या. मी म्हणालो, "हो ना, त्यांचा नेम फार कडक आहे." आणि जिना उतरून गेलो.

गेल्या दिवाळीआधी मुलीला बंगळूरला नोकरी लागली. दिवाळी झाली की ती जाणार होती. साडूने कोल्हापूर काढलं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, शिवाय अंबाबाई, शिवाय पन्हाळा. खाणं, देवदर्शन, सगळ्यांची एकत्र सहल, एकाच गावात सगळं. मी नेहमीसारखं जेवताना सांगितलं. "अण्णा, यंदा कोल्हापूर. मटण खायचंय सगळ्यांना. चला ना."

अण्णा म्हणाले, "कोल्हापूर? येतो मी."

बायकोच्या हातातला डाव भाताच्या भांड्यावर तसाच राहिला.

"अहो, पण तिथे..." मी म्हणालो. "जेवणाचं कसं करणार?"

"भाकरी मिळते ना तिथे? भाकरी आणि काहीतरी भाजी."

"खानावळीतली?"

"मग काय देवळातली?" ते हसले. "खानावळीतलीच."

"आणि नेम?"

"सोडला."

मुलगी खुर्चीतून उठून त्यांच्या गळ्यात पडली. "आजोबा, खरंच?" ते तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू चाललीस ना. परत सगळे एका ताटाभोवती कधी बसणार?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नेम मी घेतला होता, मीच सोडतोय. वरच्यांना काय सांगायचं ते माझं मी बघीन."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीत जाऊन बसलो. प्रवास लांबचा आहे, तुमचे गुडघे, गाडीत पाय आखडतात, वाटेत बाथरूमची सोय धड नसते. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे उत्तर होतं. मध्ये थांबत जाऊ. काठी घेतो. मी कमी पाणी पिईन. अंबाबाईबद्दल बोलले. कोल्हापूरची किती माणसं त्यांच्याकडे विधीला यायची, प्रत्येक जण जाताना म्हणायचा, गुरुजी एकदा या, देवीचं दर्शन घडवतो. "चाळीस वर्षं नुसतं येतो येतो म्हणत राहिलो." ते बॅग भरत होते. धोतरं, पंचा, तांब्या. इतक्या उत्साहाने की मला त्यांचा राग आला.

मी बेत बदलू शकत होतो. स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेऊ शकत होतो, स्वयंपाकाला बाई बघू शकत होतो. हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं आणि मी ते केलं नाही. मला वाटलं, पहिल्याच खानावळीत त्यांना तो वास येईल, ते नाकाला उपरणं लावतील, आणि पुढच्या वर्षीपासून हा प्रश्नच मिटेल.

खानावळ गर्दीची होती. स्टीलची टेबलं, भिंतीवर देवीचा फोटो, सगळीकडे रश्श्याची वाफ. आम्ही सहा जण बसलो. आम्ही तिघं, साडू, मेहुणी आणि अण्णा. अण्णांसाठी शाकाहारी ताट मागवलं. अख्खा मसूर, झुणका, खर्डा, दही, भाकरी. त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटून ओठ हलवले. शेजारच्या टेबलावरची दोन-तीन पोरं बघायला लागली. मी मान खाली घातली.

अण्णांनी पहिला घास घेतला. थांबले. दुसरा घेतला.

"अरे, काय सुंदर आहे हे!" ते मोठ्याने म्हणाले. वाढणाऱ्याला हाक मारली. "अहो, हा मसूर कुणी केलाय?"

"आचारी हाय की आत."

"त्याला माझा नमस्कार सांगा. म्हणावं, नाशिकच्या एका म्हाताऱ्याने सांगितलाय."

"सांगतो की आजोबा. भाकरी आनू काय अजून एक?"

"आणा. जरा कडक भाजून."

साडूला ते आवडलं. "अण्णा, तुम्ही तर आमच्यापेक्षा पुढं निघाले! वास चालतोय ना रश्श्याचा?"

"वासाचं काय नाही हो. ठसक्याने डोळ्यांतून पाणी येतंय तेवढंच."

"मग एक वाटी घ्याच!"

"एवढ्यात नको. पुढच्या जन्मी बघू."

सगळे हसले. मेहुणीने त्यांना आपल्यातलं दही दिलं. अण्णा खात होते, बोलत होते, कुठल्या काळात कुठल्या गावच्या यजमानाने कशी आमटी केली होती ते सांगत होते. मला आठवलं की हा माणूस आयुष्यभर पंगतीत बसलेला आहे. लोकांबरोबर जेवणं त्यांना येतं. आणि त्यांना ते आवडतं. इतकी वर्षं घरात गप्प बसून वरणभात खाणारे अण्णा आणि हे अण्णा वेगळेच होते, आणि ते वेगळे आहेत हे मला तिथे, तेलकट टेबलावर, पहिल्यांदा दिसलं.

मुलगी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "आजोबा, तुम्ही मालवणला का नाही आलात? हैदराबादला पण नाही. किती मजा आली असती."

"मला कुठे माहीत होतं, इतकं सोपं असेल," अण्णा म्हणाले.

त्या वाक्यात माझ्याविरुद्ध काही नव्हतं. पण मला ते लागलं. इतकं सोपं होतं, म्हणजे सगळी गावं फुकट गेली, तो मासा, ती बिर्याणी, ते पोटाचं दुखणं. म्हणजे आम्ही इतकी वर्षं जे केलं ते करायची काही गरज नव्हती. बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिच्याही मनात तेच आलं असावं. मला राग आला आणि तो त्यांच्यावरच निघाला.

"मग इतकी वर्षं हे काय नाटक चाललं होतं, अण्णा?" मी म्हणालो.

साडू खो खो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. अण्णांनाही तसंच वाटलं. ते हसत म्हणाले, "नाटक नाही रे, नेम म्हणजे..."

"नेम कसला?" मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. "जन्मभर लोकांच्या मढ्यावरचं जेवलात. तुम्हाला कसलं आलंय परान्न?"

हे मी मोठ्याने बोललो.  साडूचं हसू तोंडावरच अर्धवट राहिलं. ते सगळं अण्णांनी मलाच कधीतरी सांगितलं होतं, स्वतःवर हसत, विश्वासाने. मी त्यांचंच बोलणं त्यांच्या तोंडावर मारलं.

"बाबा!" मुलगी म्हणाली. ती उठली आणि हात न धुता बाहेर गेली.

 तेवढ्यात वाढणारा कडक भाकरी घेऊन आला. "घ्या आजोबा, आचाऱ्यानं मुद्दाम भाजलीय." ती त्यांनी मागितली होती, म्हणून त्यांनी ती घेतली. तो मसूर वाढायला लागला तर ताटावर हात आडवा धरला. मग ती भाकरी त्यांनी कोरडी खाल्ली. तुकडा मोडायचे, चावायचे, गिळायचे. भाकरी खरंच कडक होती आणि त्यांचे खालचे दात नाहीत. आम्ही चौघं बसून होतो. साडू पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवत हळूच म्हणाला, "सावकाश, अण्णा." मला काही म्हणायला भरपूर वेळ होता. मी रस्सा ढवळत राहिलो.

भाकरी संपली. ताट स्वच्छ झालं. मी बिल द्यायला फोन काढला. अण्णांनी हात जोडले आणि माझ्याकडे वळून, श्राद्धाच्या पंगतीतून उठताना म्हणायचे तसं म्हणाले, "अन्नदाता सुखी भव."

नंतरचे दिवस त्यांनी काही बिघडू दिलं नाही. अंबाबाईच्या रांगेत उभे राहिले. देवीसमोर बराच वेळ थांबले, मागच्यांनी ढकलेपर्यंत. पन्हाळ्यावर मुलीचा हात धरून हळूहळू चालले. जेवायच्या वेळी मात्र गाडीत बसून राहायचे. "भूक नाही रे. तुम्ही या जेवून." रस्त्यावर केळी घेतली होती ती खायचे. आम्ही जेवून यायचो. मला त्या वेळी पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला हलकं वाटलं. टेबलावर ते नसल्यामुळे जेवण सोपं झालं होतं.

परत आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी अण्णा स्वयंपाकघराच्या दारात आले.

"सूनबाई, आजपासून माझं मी करून घेत जाईन. तुला त्रास नको."

"अण्णा, मला कसला त्रास? मी काही बोलले का?"

"नाही गं. तू काही नाही बोललीस."

"मग माझ्या हातचं काय वाईट झालं एकदम?"

"तुझ्या हाताला चव आहे," ते म्हणाले. "माझं मी करीन."

गणपतीपुळ्याला नेलेला छोटा गॅस त्यांनी माळ्यावरून काढायला लावला आणि गॅलरीत मांडला. एक पातेली, एक तवा, एक ताट. आम्हाला वाटलं, चार दिवस राग राहील. मुलगी जाईपर्यंत गॅलरीतच त्यांच्याजवळ बसून जेवायची, आमच्या टेबलाकडे पाठ करून. ती गेली. अण्णांचा गॅस तिथेच राहिला.

मग एका सकाळी ते पिशवी घेऊन निघाले. संध्याकाळी पिशवीत तांदूळ, मूठभर डाळ, चार बटाटे. मला वाटलं बाजारातून आणले. पुढच्या आठवड्यात ऑफिसातला एक जण म्हणाला, "अरे, तुझे वडील परत बसायला लागले का रामकुंडावर? काल आमच्या काकांच्या दहाव्याला होतो तिथे. घरी सगळं ठीक आहे ना?" तो सहज विचारत होता की टोमणा मारत होता, कळलं नाही. मी म्हणालो, "त्यांना घरी करमत नाही."

विधी झाल्यावर यजमान उपाध्यांना शिधा देतात. कच्चं धान्य, डाळ, पीठ, थोडी भाजी. ते शिजवलेलं नसतं, त्यामुळे ते परान्न नाही. जे काम अण्णांनी आई गेल्यावर सोडलं होतं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते त्यांनी परत धरलं. पायऱ्या उतरून जातात, ओल्या दगडांवर गुडघे दुमडून बसतात, परक्यांच्या मेलेल्यांची नावं आणि गोत्रं विचारतात. त्या परक्यांचं धान्य त्यांना चालतं.

मी एकदा गॅलरीत गेलो. ते खिचडी उतरवत होते.

"अण्णा, याची काय गरज आहे? घरात काय कमी आहे?"

"काही कमी नाही."

"मग घाटावर कशाला जाता?"

"तांदूळ आणायचा असतो ना."

मी खाली बसलो. "माझं चुकलं अण्णा. कोल्हापूरला मी फार वाईट बोललो."

"जेवलास का तू?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. त्यांनी खिचडीचे दोन भाग केले, मोठा मला दिला, वर तूप सोडलं. आम्ही जेवलो. मला वाटलं, मिटलं. मी म्हणालो, "मग उद्या तुम्ही आमच्यात बसा." ते ताट उचलत होते. "तुला कधीही वाढीन," ते म्हणाले. "मला घ्यायला सांगू नकोस." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

माझी बायको एकदा बोलून गेली की तसं बघितलं तर आता सोपंच झालंय. बोलल्यावर तिचं तिलाच लागलं आणि ती आत निघून गेली. पण ती म्हणत होती ते खरं होतं. या मे महिन्यात आम्हाला पहिल्यांदा कुठेही जाता येणार होतं. कुणाला टाळायचं नव्हतं. कुठल्याही गावाचं कुठलंही जेवण चाललं असतं, साधं, शाकाहारी, कसंही. आम्ही दोघं बरेच दिवस संध्याकाळी फोन घेऊन बसलो. मी विचारायचो, "तुला काय खावंसं वाटतं?" ती म्हणायची, "तुम्ही सांगा." मासे आम्हा दोघांनाही नको होते. किल्ल्यांत मला रस नव्हता, साड्या तिला पुरे झाल्या होत्या. मुलगी म्हणाली, "मला सुट्टी नाहीये." साडूला फोन केला तर तो म्हणाला, "बागेचं काम आहे भाऊ, तुम्ही जाऊन या." कोल्हापूरनंतर त्याचे व्हिडिओ यायचे बंद झाले आहेत.

शेवटी सापुताऱ्याला गेलो, जवळ आहे म्हणून. तळ्यात होडीत बसलो. भाजलेलं कणीस खाल्लं. हॉटेलात थाळी बरी होती. ऊन फार होतं, म्हणून ठरल्यापेक्षा लवकर परत आलो.

दार उघडलं तेव्हा अण्णा गॅलरीत तांदूळ निवडत बसले होते. आम्हाला बघून गुडघ्यावर हात टेकवून उठले.

"या," म्हणाले. "प्रवासात त्रास नाही ना झाला? ऊन काय मी म्हणतंय बाहेर."

लहानपणी मी हा आवाज रोज ऐकायचो. परगावची माणसं अस्थींची पिशवी घेऊन आमच्या दारात उभी राहायची, तेव्हा अण्णा त्यांच्याशी असं बोलायचे. त्यात खरी काळजी असायची, आणि ती येणाऱ्या प्रत्येकासाठी सारखी असायची.

"नाही, त्रास काही नाही," बायको म्हणाली.

"बसा. पाणी देतो."

त्यांनी त्यांच्या माठातलं पाणी त्यांच्या पेल्यांत आणून दिलं. आम्ही बॅगा पायाशी ठेवून आमच्याच सोफ्यावर बसलो. ते समोर उभे राहिले, आम्ही पिईपर्यंत. मग रिकामे पेले परत घेतले आणि विचारलं, "काय काय बघितलंत?"

मी त्यांना तळ्याबद्दल सांगायला लागलो.